तलावातलं कवेलू आणि थंड समुद्राचा तळ

भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलावाच्या काठाशी एखादं फुटकं कवेलू, म्हणजे छपराचं कौल, पाण्यात पडलेलं असतंच. दिवाळी झाली, पावसाळी गढूळपणा बसला, की ते अलगद उचलून उलटं करून पाहा. ऊन लागणाऱ्या बाजूला हिरवं बुळबुळीत शेवाळ असतं. सावलीची बाजू वेगळी. सगळ्याच कवेलूंवर नाही, पण आठ-दहा उलटली की एखाद्यावर तपकिरी, फाटे फुटलेल्या बारीक नळ्या चिकटलेल्या दिसतात. कधी नुसता पापुद्रा असतो, वाळलेल्या डिंकाचा थेंब पसरावा तसा. ते शेवाळ नाही, बुरशी नाही आणि माशाची अंडीही नाहीत. ते प्राणी आहेत. त्यांना ब्रायोझोआ म्हणतात, आणि ग्रीकमध्ये त्या नावाचा अर्थ शेवाळासारखे प्राणी असाच होतो. म्हणजे शेवाळ समजून फसणारे आपण पहिले नाही.

आज जिवंत असलेल्या ब्रायोझोआच्या साधारण ६,००० जाती माहीत आहेत. गोड्या पाण्यात त्यातल्या शंभराच्या आसपास राहतात, बाकी सगळ्या समुद्रात. त्यातही उत्तर समुद्र, न्यूझीलंडचा दक्षिण किनारा, अंटार्क्टिका अशा थंड पाण्याच्या तळावर त्यांची वस्ती इतकी दाट असते की काही ठिकाणी तळ म्हणजे त्यांचेच सांगाडे. विदर्भातून समुद्र दूर, थंड समुद्र तर फारच दूर. तरी तिकडे जायला इथूनच एक वाट आहे, आणि ती १८५८ साली नागपुरातून निघाली.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. धर्मप्रचारासोबत तो दगड, जीवाश्म, तलावातले किडेमुंगे असं सगळं गोळा करायचा. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून तो गेला. नागपूरकडच्या गोड्या पाण्यात त्याला जो पापुद्रा सापडला, त्याचं वर्णन मुंबईच्या लष्करी वैद्यकीय सेवेतल्या हेन्री जॉन कार्टरने १८५८ मध्ये छापलं आणि नाव ठेवलं हिस्लोपिया लॅकुस्ट्रिस. लेखाच्या शीर्षकातच त्याने लिहिलं की हा तळ्यातला ब्रायोझोआ फ्लस्ट्राच्या जवळचा आहे.

फ्लस्ट्रा म्हणजे ब्रिटनच्या थंड किनाऱ्यावरचा सगळ्यात ओळखीचा ब्रायोझोआ. वादळानंतर वाळूवर त्याची फिकट तपकिरी, कागदासारखी पातळ पानं येऊन पडतात आणि लोक त्यांना वाळलेली समुद्री वनस्पती समजतात. रॉबर्ट हुकने १६६५ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचं सुंदर चित्र काढलं, तेही समुद्री वनस्पती म्हणूनच. डार्विनची पहिली वैज्ञानिक नोंद याच प्राण्याची. १८२७ मध्ये एडिंबरात शिकत असताना त्याने दाखवलं की फ्लस्ट्राची तथाकथित अंडी स्वतः पोहतात, म्हणजे त्या अळ्या आहेत.

कार्टरचा नात्याचा अंदाज मात्र थोडा चुकला. हिस्लोपियाच्या भिंतींत चुना नसतो, त्याचा एकेक प्राणी ज्या इवल्याशा खोलीत राहतो तिला दाराचं कडक झाकणही नसतं, म्हणून आज तो वेगळ्या गणात मोडतो. पण वर्ग एकच, आणि हा वर्ग जवळजवळ सगळा समुद्री आहे. तलावातल्या बाकीच्या ब्रायोझोआंपेक्षा हिस्लोपिया फ्लस्ट्राला खरोखरच जवळचा आहे. हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. १० पट भिंग आणि जर्मनचं पसरट ताट पुरतं.

ताटात त्याच तलावाचं पाणी घ्यायचं. नळाचं नको, त्यातल्या क्लोरिनने प्राणी मिटतो आणि मरतो. कवेलूचा पापुद्रा असलेला तुकडा किंवा गोगलगाईचा शिंपला पापुद्र्याची बाजू वर करून ठेवायचा. पाणी त्याच्या वर बोटाच्या एका पेराएवढं. तुकडा पुसायचा नाही, धुवायचाही नाही, गाळ बसला असेल तर पाण्यातच हलकेच हलवायचा. ताट सावलीत ठेवून १५-२० मिनिटं हात लावायचा नाही. मग मोबाइलचा उजेड वरून न टाकता बाजूने, अगदी आडवा टाकायचा. वरून टाकला तर पाण्याची चमक तेवढी दिसते. बहुतेक जण इथेच कंटाळून उठतात, कारण प्राणी आत असतो तोवर पापुद्रा म्हणजे नुसता पापुद्रा. वाट पाहिली की एकेका खोलीतून बारीक, काचेसारख्या तंतूंचा मुकुट वर येऊन उमलतो. ताटाला टिचकी मारा. सगळे मुकुट एका क्षणात गायब होतात.

आता मुकुटाचा आकार पाहायचा, सगळी ओळख त्यात आहे. तपकिरी नळ्यांच्या जातीचं नाव प्लुमॅटेला. तिच्या तंतूंची रांग घोड्याच्या नालेसारखी असते. ही खास गोड्या पाण्याची शाखा. पापुद्र्यातल्या हिस्लोपियाचे तंतू मात्र साध्या गोल वर्तुळात उभे राहतात. समुद्रात, उत्तर समुद्रापासून अंटार्क्टिकापर्यंत, सगळे ब्रायोझोआ असे गोल मुकुटाचेच. हिस्लोपियाची भिंत पारदर्शक असल्यामुळे आत गिळलेल्या शेवाळाचा हिरवा ठिपकाही दिसतो. फ्लस्ट्रामध्ये काय चालतं ते समजून घ्यायला इतका स्वच्छ नमुना समुद्रातही सहज मिळत नाही.

एक खोली म्हणजे एक प्राणी. लांबी साधारण अर्धा मिलिमीटर, जरा कमी-जास्त. आलेखाच्या कागदाची मिलिमीटरची चौकट शेजारी धरली की मोजता येते: खोली ०.८ मिलिमीटर लांब आणि ०.४ रुंद असेल, तर एका चौरस सेंटिमीटरमध्ये ३०० च्या वर खोल्या बसतात. शेजारच्या खोल्यांच्या भिंतींत बारीक छिद्रं असतात, त्यातून अन्नरस इकडून तिकडे जातो. त्यामुळे कडेला नवी बांधली जाणारी खोली स्वतः खाऊ शकत नसली तरी उपाशी राहत नाही. हृदय नाही, कल्ले नाहीत. आतडं इंग्रजी यू अक्षरासारखं वळून परत वर येतं आणि मुकुटाच्या बाहेर उघडतं. प्रत्येक तंतूवरचे सूक्ष्म रोम सतत हलत असतात. पाणी मुकुटाच्या वरून आत येतं, तंतूंच्या फटींतून बाहेर जातं, आणि सूक्ष्म वनस्पतींचे कण मध्ये तोंडाकडे उतरतात.

मुकुट आत ओढायला स्नायू आहे, आणि तो प्राणिजगतातल्या सर्वांत वेगवान स्नायूंपैकी एक आहे. बाहेर ढकलायला मात्र स्नायू नाही, तिथे पाण्याचा दाब लागतो. फ्लस्ट्राच्या खोलीची पुढची भिंत मऊ पडद्याची असते. बारीक स्नायू तो पडदा आत खेचतात, आतलं पाणी दबतं आणि मुकुट दारातून वर येतो. पिशवीचं पोट दाबलं की तोंडातून माल वर यावा, तसंच. पण हा मऊ पडदा म्हणजे घराची कच्ची भिंत. कवच नसलेल्या समुद्री गोगलगाई नेमक्या तिथूनच आतला जीव शोषून घेतात.

या एका अडचणीवर थंड समुद्रातल्या जातींनी वेगवेगळे तोडगे काढले आहेत, आणि ब्रायोझोआंचं अर्धं शरीरशास्त्र त्यातच येतं. काहींनी पडद्यावर चुन्याची पूर्ण भिंत चढवली. पण भिंत कडक झाल्यावर दाब कसा द्यायचा? तर भिंतीखाली एक पातळ पिशवी असते आणि तिला बाहेरून पाणी आत घेणारं छिद्र. पिशवी फुगली की मुकुट बाहेर. काहींनी पडद्याभोवती काटे उभारले. केल्प या मोठ्या समुद्री वनस्पतीवर जाळीसारखा पसरणारा मेम्ब्रानिपोरा हे काटे एरवी वाढवत नाही. ड्र्यू हार्वेल यांनी १९८४ मध्ये दाखवलं की त्याला खाणारी गोगलगाय आसपास आली, की पाण्यातल्या वासावरून तो नव्या खोल्यांना काटे काढतो, तेही दोनेक दिवसांत. काटे काढायला वाढ खर्च होते, म्हणून गरजेपुरतेच. काही जातींत तर ठरावीक खोल्यांनी खाणंच सोडलेलं असतं. त्यांचं झाकण लांबून चोच झालेलं असतं आणि ती चोच उघड-मीट करत शत्रूंना पकडते. पक्ष्याच्या डोक्यासारखी दिसते म्हणून तिला ॲव्हिक्युलॅरियम म्हणतात. तिला अन्न शेजाऱ्यांकडून येतं, त्या भिंतीतल्या छिद्रांतून.

खोलीत कधी तपकिरी गोळी दिसली तर ती घाण नाही. समुद्री ब्रायोझोआंत आतला जीव काही आठवड्यांनी झिजून विरघळतो, त्याचा उरलेला गोळा म्हणजे ती. मग त्याच खोलीच्या भिंतीतून नवा जीव उगवतो. घर जुनंच, राहणारा नवा. पापुद्र्यावर अर्ध्या खोल्या रिकाम्या दिसल्या म्हणून वसाहत मेली असं लगेच ठरवू नये.

थंडीचा परिणाम खोल्यांवर उमटतो, आणि तो वाचता येतो. समुद्राच्या तळावर अन्न म्हणजे वर तयार होणाऱ्या सूक्ष्म वनस्पती. हिवाळ्यात उजेड कमी होतो, त्या संपतात आणि वाढ थांबते. फ्लस्ट्राच्या पानावर दर हिवाळ्यात एक आडवी रेघ राहते. पहिल्या वर्षी तो दगडावर सपाट पापुद्रा असतो, पान नंतर उभं राहतं, म्हणून नुसत्या रेघा मोजल्या तर वय एका वर्षाने कमी भरतं. अशा मोजणीवरून काही वसाहती १२ वर्षांपर्यंत जगतात असं दिसलं आहे. अंटार्क्टिकात पाणी वर्षभर उणे १.८ अंशांच्या आसपास असतं. तिथल्या सेलॅरिनेला जातींच्या फांद्यांवर याच कारणाने ठळक गाठी पडतात, झाडाच्या खोडातल्या वलयांसारख्या.

दुसरी गोष्ट खोलीच्या मापाची. थंड पाण्यात बांधलेल्या खोल्या मोठ्या, उबदार पाण्यात बांधलेल्या लहान. एकाच वसाहतीत दोन्ही सापडतात, कारण वसाहत वर्षभर बांधत राहते. एका वसाहतीतल्या वीसेक खोल्यांची लांबी-रुंदी मोजून त्यांच्यात किती फरक आहे ते काढलं, की तिथल्या उन्हाळ्या-हिवाळ्यातला तापमानाचा फरक अंदाजता येतो. ओ'डी आणि ओकामुरा यांनी २००० मध्ये ही पद्धत मांडली आणि ती जीवाश्मांनाही लागते. यात चूक कुठे होते ते आधीच सांगून ठेवतो. कडेच्या अर्धवट खोल्या, अडथळ्यापाशी वाकड्या झालेल्या खोल्या आणि वसाहतीची पहिली खोली मोजायची नाही. पहिली खोली अळीतून तयार होते आणि तिचं माप वेगळंच असतं. ती मोजणीत आली तर तापमानाचा फरक उगाच जास्त निघतो.

अळीला बसायला कडक जागा लागते. आपल्या तलावाचा तळ गाळाचा, म्हणून कवेलू, विटा, बुडालेली काडी, शिंगाड्याचे देठ आणि गोगलगाईचे शिंपले एवढ्याच जागा. समुद्राच्या तळाचंही गणित तेच आहे. मऊ रेतीवर एखादा शिंपला असतो, त्यावर पहिली वसाहत, ती मेली की तिच्या सांगाड्यावर दुसरी. असं शेकडो वर्षं चाललं की झुडपांचं रान तयार होतं. न्यूझीलंडमध्ये ओटॅगोच्या किनाऱ्यापुढे ७५ ते ११० मीटर खोलीवर सिंक्टिपोरा, हॉर्नेरा अशा जातींची चुन्याची झुडपं मैलोन्‌मैल आहेत. फटींत खेकडे, किडे, शिंपले, माशांची पिल्लं राहतात. टास्मन उपसागरात सेपरेशन पॉइंटपाशी सेलेपोरॅरिया या जातीचे ढिगारे गुडघ्याएवढे उंच होतात, आणि ते स्नॅपर, ताराकिही अशा खायच्या माशांच्या पिल्लांची नर्सरी आहेत. तळ खरवडणारी ट्रॉल जाळी एका फेरीत जे मोडते ते परत उभं राहायला माणसाचं आयुष्य पुरत नाही, कारण वाढ वर्षाला सेंटिमीटरांत किंवा त्याहून कमी. म्हणून तिथे १९८० मध्येच ट्रॉलिंगवर बंदी आली. माझ्या मते हे शहाणपण मासेमारांच्या फायद्याचंच होतं, पण ते इतक्या लवकर फार कमी ठिकाणी सुचलं.

उलट्या बाजूने त्रास देणारेही आहेत. मेम्ब्रानिपोरा १९८७ च्या सुमारास अमेरिकेच्या मेन आखातात पोचला. केल्पच्या पानावर त्याचं जाळं चढलं की पान ठिसूळ होतं आणि लाटेत तुटतं. गंमत म्हणजे त्याच्या स्वतःच्या भिंतींत चुना नसलेल्या बारीक पट्ट्या असतात, त्यामुळे पान वाकलं तरी तो तुटत नाही. उत्तर समुद्रातला ॲल्सायोनिडियम हा लिबलिबीत ब्रायोझोआ जाळ्यात येतो आणि मासेमारांच्या हातांना खाज, फोड आणतो. तिथल्या डॉगर बँक या उथळ भागाच्या नावावरून त्या त्रासाला डॉगर बँकची खाज म्हणतात.

नमुना जपायचा असेल तर बहुतेकांची पहिली चूक म्हणजे थेट स्पिरिटमध्ये टाकणं. मुकुट झटकन आत जातो आणि कायमचा आतच राहतो. आधी गुंगी द्यावी लागते. पानटपरीवर मिळणारे मेंथॉलचे दोन-तीन खडे ताटाच्या पाण्यावर तरंगत ठेवायचे, ताट झाकायचं, काही तासांनी सुईच्या टोकाने मुकुट हलकेच हलवून पाहायचा. आत जात नसला की मग ७० टक्के अल्कोहोल. घाई केली तर अर्धे मुकुट मिटतात. समुद्री, चुन्याच्या जातींना फॉर्मॅलिन टाळावं. ते कालांतराने आम्ल होतं आणि चुना खातं. वर्षभराने बाटलीत भिंतीच उरत नाहीत. फक्त सांगाडा पाहायचा असेल तर साध्या ब्लीचच्या द्रावणात ठेवून मांस काढायचं, स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवायचं आणि सावलीत वाळवायचं. हिस्लोपियावर हा प्रयोग करू नका. चुनाच नाही, त्यामुळे हाती काही लागणार नाही.

वरूड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदारांसाठी एक आडवळण. शेततळ्याच्या किंवा तलावाच्या पाण्यावर ठिबक असेल आणि मेन लाइन उघडल्यावर आत तपकिरी मुळ्यांचं जाळं दिसलं, तर ती मुळं नसून प्लुमॅटेला असू शकते. अंधार, वाहतं पाणी आणि शेवाळाचा खाऊ, पाइपात तिला तिन्ही मिळतं. ती स्टॅटोब्लास्ट नावाच्या बिया करते. त्या तपकिरी, लंबगोल, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या असतात. तरंगणाऱ्या बिया १२० मेशच्या जाळीत अडकतात, कारण त्या जाळीचं छिद्र ०.१३ मिलिमीटरच्या आसपास असतं. अळ्या मात्र मऊ असतात, आणि पाइपाच्या भिंतीला चिकटलेल्या बिया जाळीपर्यंत येतच नाहीत. क्लोरिनने वसाहत मरते. १० टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट दर १,००० लिटर पाण्याला १०० मिलिलिटर सोडलं की १० पीपीएम होतं. तासभर चालवून लाइन फ्लश करायची. मेलेली वसाहत सुटून ड्रिपरमध्ये अडकते, म्हणून फ्लश चुकवायचा नाही. ॲसिड ट्रीटमेंट त्याच दिवशी करू नये, दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू होतो. बिया मात्र क्लोरिनला दाद देत नाहीत. मेच्या उन्हात तलाव आटून तळाला भेगा पडल्या तरी त्या तग धरतात आणि पावसाचं पाणी भरलं की रुजतात. त्यामुळे एकदा केलेला उपाय पुढच्या पावसाळ्यानंतर परत करावाच लागतो.

हिस्लोपियाला अशा बिया नसतात. म्हणून तो बघायचा तर बारमाही पाणी राहणाऱ्या जुन्या तलावात शोधावा. धानाच्या बांधीतल्या चार महिन्यांच्या पाण्यात शोधून उपयोग नाही. पाहून झालं की कवेलू काढलं त्याच जागी, तेवढ्याच खोलीवर, पापुद्र्याची बाजू खाली करून ठेवायचं. उलटं राहिलं तर आठवडाभरात त्यावर हिरवं शेवाळ आणि गाळ चढतो आणि मुकुट बाहेर काढायला जागाच राहत नाही.